दिवाळी सोडा, संक्रांत धरा

नागपूरच्या नंदनवन भागातल्या बारा जणींच्या बचत गटाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी सीना आणि गोदावरीच्या पुराने सोलापूर, धाराशिव, बीडकडची गावं कशी धुऊन नेली ते सगळ्यांनी पाहिलं. गटाला घरी साबण बनवून दिवाळीत विकायचा आहे आणि आलेले सगळे पैसे तिकडे पाठवायचे आहेत. कोणता साबण सोपा, नागपूर म्हणून संत्र्याचाच करावा का, परवानगी लागते का आणि हातात किती उरेल, हे ताईंनी विचारलं आहे.

ताई, आधी जे आवडणार नाही ते सांगते. दिवाळी विसरा.

आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा. नरकचतुर्दशी २० तारखेला, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून थंड पद्धतीने केलेला साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो, पण वापरण्याजोगा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. रसायन म्हणून तो दोन-तीन दिवसांतच साबण झालेला असतो, अंगाला चटका देत नाही. पण आत पाणी भरपूर असतं. ते उडून जाईपर्यंत वडी मऊ राहते, फेस चिकट येतो आणि न्हाणीघरात ठेवली की बसल्या जागी विरघळते.

हे मी पैसे मोजून शिकले. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, वैनगंगेला पूर आला आणि भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरची गावं पाण्यात गेली. मी लगेच तीनशे वड्या टाकल्या आणि धीर न धरता चौथ्या आठवड्यात विकून मोकळी झाले. ओळखीच्या लोकांनी भावापोटी घेतल्या. दहा दिवसांनी एका काकूंचा फोन आला, "अगं, तुझा साबण साबणदाणीतच राहून गेला. खाली नुसती पेज झाली." पैसे कोणी परत मागितले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्यातल्या निम्म्या लोकांनी साबण घेतलाच नाही. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवाळीच गाठायची तर तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतायचा मार्ग आहे. चार तासांत वडी तयार होते. मात्र सध्या ज्याच्या-त्याच्या घरी तोच साबण आहे, बेस विकत घ्यायचा म्हणून उरतं कमी, आणि परतीच्या पावसाची ओल हवेत असेपर्यंत त्या वडीला घाम फुटतो. त्यात पुष्कळ ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं तर टिकतं.

आता घाई नको म्हणण्याचं खरं कारण.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. माझी साबण सुकवायची खोली तेव्हा त्याच भागात तळमजल्यावर होती. सकाळी दार ढकललं तर उघडेना. आत चिखल, आणि चिखलावर पांढरा फेस. मांडणीच्या खालच्या दोन फळ्यांवरचा साबण पाण्यात विरघळून खोलीभर पसरला होता. बाहेर मात्र खिचडी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्या की तिसऱ्या दिवशी ठेवायला जागा नव्हती. शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई राहतात. त्यांच्या दोन्ही मशिनींच्या मोटारी जळाल्या. त्या कपडे, ब्लँकेट, डाळ-तांदूळ घेत राहिल्या, आणि मोटारींसाठी डिसेंबरपर्यंत थांबल्या, कारण तोवर विचारायला येणारं कोणी उरलं नव्हतं.

पुराच्या मदतीला हा दुसरा हंगाम असतो. पहिला आठ-पंधरा दिवसांचा. त्यात अन्न, अंथरूण, औषधं लागतात आणि त्याला रोख पैसा आजच हवा. साबण तिथे पोचूच शकत नाही. दुसरा हंगाम दोन-तीन महिन्यांनी येतो, वर्तमानपत्रातून पूर गेल्यावर. विहिरीतला गाळ काढायचा, पाण्यात राहिलेल्या पंपाची मोटार रिवाइंड करायची, खरवडून गेलेल्या शेतात ट्रॉलीने माती टाकायची, फेब्रुवारीत बारावीला बसणाऱ्या पोरीची पुस्तकं परत घ्यायची. सहा आठवडे सुकलेला साबण नेमका या हंगामाला येतो. साबणाचा हा संथपणा तुम्हाला अडचण वाटतो आहे. मला तर तो या कामाचा गुण वाटतो.

म्हणून संक्रांत. १४ जानेवारीपासून २५ तारखेच्या रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघर हळदीकुंकू चालतं आणि प्रत्येकीला लुटायला वाण लागतं. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, रुमाल देऊन बायका कंटाळल्या आहेत. एक घर एका दमात तीस-चाळीस नग घेतं. दिवाळीच्या प्रदर्शनात एक-एक वडी विकायला दिवसभर स्टॉलवर उभं राहावं लागतं आणि भाडं वेगळं. बाराजणींनी आपापल्या नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या तीन-तीन घरांची मागणी धरली, दर घरी तीस वड्या, तरी हजारावर जातं. दिवाळीत फराळाची ताटं घेऊन जाल तेव्हाच नमुना दाखवा आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. तेलाचं भांडवल त्यातून उभं राहतं.

वाणासाठी शंभर ग्रॅमची ऐंशी रुपयांची वडी नको. कोणी घेणार नाही. साठ ग्रॅमची पन्नास रुपयांना ठेवा.

हिशेब करू. माझं प्रमाण असं: एक किलो तेलात नारळ तेल ३०० ग्रॅम, पामतेल ३००, राइस ब्रॅन ३५०, एरंडेल ५०. याला कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम आणि पाणी २८६ ग्रॅम. सोड्याचा आकडा मनाने ठरत नाही. प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो ते ठरलेलं असतं: नारळाला ग्रॅममागे ०.१८३, पामला ०.१४२, राइस ब्रॅनला ०.१३३, एरंडेलाला ०.१२८. बेरीज १५०.५ येते. त्यातून पाच टक्के मुद्दाम कमी करायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढली जात नाही. तेल बदललं की आकडा बदलला. घरात शेंगदाणा तेल होतं म्हणून तेच घातलं, असं इथे चालत नाही.

यातून ओला तुकडा ७० ग्रॅमचा कापला तर वीस वड्या होतात, आणि सहा आठवड्यांत त्या साठच्या आसपास येतात. नारळ तेल २०२५ मध्ये फार महाग झालं. मी ते किलोला ४५० धरते, बाकी तेलं नेहमीच्या भावाने. चारी तेलं आणि सोडा मिळून २६० च्या आत बसतात. सुगंधाला ६०, वेष्टनाला वडीमागे ४ प्रमाणे ८०, आणि दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतल्याचे (का ते पुढे सांगते) वडीमागे ५ प्रमाणे १००. झाले पाचशे. वडी पंचवीसला पडली, पन्नासला गेली, पंचवीस उरले. तुमच्या खरेदीच्या दिवशीचे भाव घालून हे परत मांडा.

हजार वड्यांचे पंचवीस हजार. आता एक गोष्ट बाराजणी मिळून ऐका. प्रत्येकीने आज दोन-दोन हजार काढले तर संध्याकाळपर्यंत चोवीस हजार होतात. साबणाचा व्याप न करता, हात न भाजता. मग साबण कशाला? तर जो माणूस पुरासाठी वेगळे पैसे काढणार नाही, पण वाण घेणारच आहे, त्याच्या खिशातले पंचवीस रुपये तुम्ही काढून आणता. एवढ्यासाठी. हे पटत असेल तर करा. नुसती हौस असेल तर पैसे पाठवा आणि साबण घरच्यासाठी करा. दोन्ही जमलं तर उत्तमच: आत्ता शक्य तेवढी रोख मुख्यमंत्री सहायता निधीत भरा आणि जानेवारीचे पैसे दुसऱ्या हंगामासाठी राखून ठेवा.

परवानगीबद्दल. हो, लागते. अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे विक्रीसाठी तो बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा, आणि स्वयंपाकघराला तो मिळत नाही. दानासाठी आहे म्हणून सूट नाही. सोप बेस वितळवून ओतला तरी विक्रीसाठी ते उत्पादनच. "सगळ्याच तर विकून राहिल्या ना" हे मला माहीत आहे. पण एखादीच्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर तुमच्या गटाचं नाव जाईल आणि सोबत पूरग्रस्तांचंही. सोपी वाट म्हणजे परवाना असलेल्या छोट्या कारखान्याशी बोला. साबण त्यांच्या जागेत, त्यांच्या परवान्यावर होतो. ओतणं त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली, कापणं, शिक्का मारणं, गुंडाळणं तुमच्या हातांनी. त्यांच्या बिलात जीएसटी येईल, तो अंघोळीच्या वडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठराचा पाच टक्के झाला आहे. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक, वजन, महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा आणि कमाल किंमत हे सगळं हवं. कडुलिंब घातला म्हणून "खाज, गजकर्ण जातं" असं लिहू नका. तसं लिहिलं की तो साबण राहत नाही, औषध होतो, आणि औषधाचा कायदा आणखी कडक आहे.

घरी शिकायला मात्र कोणाची हरकत नाही, आणि शिकूनच कारखान्यात जा, नाहीतर ते सांगतील ते खरं मानाल. मूळ धोका एकच आहे, कॉस्टिक. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. पाणी वरून ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं, झारा, केकचा डबा काही चालत नाही, सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक घ्या. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, पोरं बाहेर. अंगावर उडाला तर वाहत्या पाण्याखाली धरा, व्हिनेगर चोळत बसू नका. पाणी आरओचं घ्या, बोअरचं जड पाणी नको. तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट झाले की एकत्र करून ब्लेंडर फिरवा. कढीपेक्षा दाट झालं, वरून धार सोडली तर क्षणभर वर रेघ राहिली, की साच्यात ओता. पहिल्यांदा अर्धा किलोच करा.

आता संत्र्याकडे येते, कारण नागपूरचा साबण म्हटलं की सगळ्यांना तेच सुचतं. आंबिया बहराची संत्री आत्ता बाजारात येतील, साली फुकट मिळतील. सावलीत कडकडीत वाळवून दळा आणि मलमलीच्या फडक्याने गाळा. पिठाच्या चाळणीने चाळलेला चुरा अंगाला काट्यासारखा टोचतो. किलोभर तेलाला एक चहाचा चमचा पुरे. रंग नारिंगी येईल ही आशा सोडा, तो तपकिरी होतो. संत्र्याच्या तेलाचा वासही महिन्याभरात उडतो, सहा आठवड्यांनी नाकाला काहीच लागत नाही. मी त्याला थोडं गवती चहाचं तेल जोडते, ते वास धरून ठेवतं. पाण्याऐवजी रस घालायचा मोह होतो. त्यातल्या साखरेने मिश्रण भलतंच तापतं, आणि त्यातलं सायट्रिक आम्ल सोडा खाऊन टाकतं, एका ग्रॅमला सुमारे ०.६२ ग्रॅम. मग सोड्याचा सगळा हिशेब चुकतो.

त्यापेक्षा हळदीकुंकवाच्या वाणाला हळदीचाच साबण करा. एक मजा दिसेल. सोड्याच्या मिश्रणात हळद पडली की ती क्षणात लालभडक होते. पहिल्यांदा मी घाबरले, काहीतरी जळलं वाटलं. मग आठवलं की कुंकू असंच होतं. हळदीला चुन्याचं खार लागलं की ती लाल होते, तेच इथे. साच्यात तो लाल रंग दिसतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरत उतरत मोहरीच्या पिवळ्यावर येतो. हळदीचा साबण कुंकवाच्या रंगातून जाऊन परत हळदीवर येतो, ही गोष्ट वेष्टनावर दोन ओळींत लिहा. माझ्याकडून या वड्या सुगंधाने कमी आणि या गोष्टीने जास्त गेल्या आहेत. हळद किलोला अर्धा चमचाच, नाहीतर पंचा पिवळा होतो.

आपल्या जवसाचं तेल घालावं असं तुमच्यातली कोणीतरी नक्की म्हणेल, गावाकडचं, स्वस्त, वैदर्भीय. मी घातलं होतं, वीस टक्के. दोन महिन्यांत वड्यांवर गंजासारखे तांबडे डाग आले आणि जुन्या तळणाचा वास. जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. पाच टक्क्यांच्या वर नको, आणि विकायच्या साबणात नकोच.

सुकवायला नागपूरचा नोव्हेंबर म्हणजे वरदान आहे, हवा कोरडी, ऊन मवाळ. वड्या बोटभर अंतराने जाळीवर, सावलीत, आठवड्यातून एकदा उलटायच्या. मे महिन्यात मी एकदा वड्यांना उकाडा नको म्हणून कूलरसमोर मांडणी ठेवली होती. कूलर पाणीच फेकतो ना. दीड महिन्यानंतर उचलल्या तर बोट रुतत होतं.

पैशांचं शेवटी. "सर्व रक्कम पूरग्रस्तांना" असं लिहू नका, तेलवाला आणि कारखानदार त्यातूनच पैसे घेणार आहेत. "या वडीतले २५ रुपये" असं लिहा. आकडा ठरलेला असला की कोणी शंका घेत नाही. खातं गटाच्या नावाचं, क्यूआर त्याच खात्याचा, कोणा एकीच्या मोबाइलचा नको. साबण घेणाऱ्याला आयकरातल्या सवलतीसाठीची ८०जी ची पावती मिळत नाही, त्याने वस्तू विकत घेतली आहे, तसं विचारलं तर स्पष्ट सांगा. सोबत दानपेटी ठेवायची असेल तर ती वर्गणी झाली. त्यासाठी गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी घ्या. मी पेटी ठेवत नाही.

वड्याच पूरग्रस्तांना पाठवू असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. तिथे कपड्यांचा साबण लागतो आणि तो बार्शीच्या ठोक बाजारात नागपूरच्या ट्रकभाड्याहून स्वस्त मिळतो.

वेळापत्रक असं लागतं: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कारखाना ठरवा आणि घरी अर्ध्या किलोचा एक घाणा करून बघा. दिवाळीच्या फराळाबरोबर मागणी आणि आगाऊ रक्कम. मागणी मोजून मगच तेल घ्या, इतवारीत ठोक भावाने. ओतणं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहा आठवडे पूर्ण होतात आणि गुंडाळायला पंधरा दिवस मोकळे राहतात. तोवर ज्या गावाला पैसे द्यायचे तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा ग्रामसेवकाला फोन करून विचारा की जानेवारीत नेमकं काय लागेल. ते बहुतेक मोटार म्हणतील.

आणि ओतलेल्या घाण्यातली एक वडी पाचव्या आठवड्यात काढून स्वतः अंघोळीला वापरा, आठ दिवस, ओल्या साबणदाणीत ठेवून. खाली पेज दिसली तर वाणाची तारीख रथसप्तमीकडे सरकवा.